नव्या सॉकेटच्या मागे काय आहे? जुन्या घरात वायरिंग वाढवताना

आईबाबांच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ओट्यावर एक देखणा मॉड्युलर बोर्ड होता. पांढराशुभ्र, १६ अँपिअरचं सॉकेट, शेजारी दणकट स्विच. आधीच्या किचनच्या कामात कुणीतरी बसवून दिलेला. मायक्रोवेव्ह चालू असताना त्याच बोर्डावर किटली लावली की मासळी नासल्यासारखा वास यायचा. आमचं घर शाकाहारी. महिनाभर आम्ही सिंकच्या जाळीवर संशय घेत होतो. शेवटी बोर्ड उघडला तेव्हा न्यूट्रलचा (वीज परत नेणाऱ्या वायरीचा) स्क्रू काळा पडलेला, वायरचं प्लास्टिक बोटाने चुरलं की पापडासारखं तुटत होतं. सॉकेट १६ अँपिअरचं होतं खरं, पण त्याच्या मागे फ्रिजच्या बोर्डातून ओढून आणलेली एक एमएमची वायर होती. दिव्या-पंख्याला वापरतात ती.

(तो मासळीचा वास लक्षात ठेवा. तापलेल्या प्लास्टिकचा तो नेहमीचा वास आहे. घरात आला तर आधी मेन बंद करायचा.)

त्या वर्षी आम्ही पूर्ण किचन, एक बाथरूम आणि हॉलचं काम काढलं आणि वायरिंगवर मी स्वतः लक्ष ठेवलं. मी इलेक्ट्रिशियन नाही. हा लेखही तुम्ही स्वतः वायर ओढाव्यात म्हणून नाही, तर काम करून घेताना काय विचारायचं, काय बघायचं आणि कुठे अडून बसायचं हे कळावं म्हणून आहे. सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. नवा पॉइंट काढताना विचार सॉकेटपासून पुढे करायचा नसतो, मागे करायचा असतो. सॉकेट, त्यामागची वायर, ती जिथून निघाली तो बोर्ड, मग डीबी (घरभर लाइन वाटणारी मुख्य पेटी), मग मीटर. ही साखळी जिथे सगळ्यांत बारीक असते तिथे तापते.

आधी कागद, मग छिन्नी

गवंडी यायच्या आठवडाभर आधी घराच्या प्रत्येक खोलीत एक कागद घेऊन उभं राहा आणि काय काय लावणार ते लिहा. उपकरणाच्या मागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. वॅटला २३० ने भागलं की अँपिअर मिळतात, कारण घरातला पुरवठा २३० व्होल्टचा. २००० वॅटचा गिझर म्हणजे ८.७ अँपिअर. ३००० वॅटचा इन्स्टंट गिझर म्हणजे १३. २००० वॅटची इंडक्शन शेगडी पुन्हा ८.७. मायक्रोवेव्हच्या खोक्यावर ८०० वॅट लिहिलेले असले तरी तो अन्नाला मिळणारा आकडा असतो, भिंतीतून तो हजार-बाराशे सहज खेचतो. आतून पाणी तापवणारं वॉशिंग मशीन दोन हजारांच्या घरात जातं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि ते पाच अँपिअरच्या पॉइंटवर अडॅप्टर लावून चालवतात.

आता महत्त्वाचं: यातलं एकाच वेळी काय चालणार? आमच्याकडे सकाळी साडेसात वाजता गिझर, किटली, मिक्सर आणि टोस्टर एकदम सुरू असतात. कागदावर सगळ्या घराची बेरीज करण्यापेक्षा ती साडेसातची बेरीज करा.

बेरजेचं एवढं कौतुक कशाला, असं वाटेल. पण वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्याच वायरवर एकाऐवजी दोन गिझर टाकले तर ती दुप्पट नाही, चौपट तापते. प्लास्टर केलेल्या भिंतीत ती उष्णता जायला जागाही नसते.

याच कागदावर जागाही ठरवा. ओट्यावरचे पॉइंट सिंकच्या डोक्यावर नकोत, शेगडीच्या मागेही नकोत. बिल्ट-इन ओव्हनचं सॉकेट ओव्हनच्या बरोब्बर मागे काढतात आणि मग ते बंद करायला साठ किलोचं कपाट हलवावं लागेल अशी गत होते, म्हणून ते शेजारच्या कपाटात घ्या. बाथरूममध्ये गिझरचा स्विच दाराबाहेर. यावर चर्चा नको.

घरात आत्ता काय आहे

डीबीचं झाकण उघडा (फक्त पुढचं, हिंजवर उघडणारं). आत एमसीबींची (जादा करंट गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचांची) रांग दिसली तर ठीक. चिनी मातीचे पांढरे किटकॅट फ्यूज दिसले तर घराचं वायरिंग जुनं आहे आणि एखाददुसरा पॉइंट वाढवण्यापेक्षा पूर्ण बदलायचा विचार करा. जुन्या घरांत काही ठिकाणी फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल दोन्हींना फ्यूज असायचा. न्यूट्रलचा उडाला तर दिवा विझतो, पण वायरमध्ये फेज जिवंतच. दिवा बंद आहे म्हणून हात घालणाऱ्याला करंट बसतो तो असा.

सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या बऱ्याच इमारतींत ॲल्युमिनिअमच्या वायरी आहेत. बोर्डाच्या आत तांब्याऐवजी चंदेरी रंगाची, एकच जाड तार दिसली की समजा. (कधीकधी तांब्यालाही कल्हईसारखा मुलामा असतो. तार जराशी खरवडली की आतून लाल निघते.) ॲल्युमिनिअमच्या वायरीला तांब्याची वायर पीळ देऊन जोडणं हा आगीला घातलेला पाट आहे. ॲल्युमिनिअमवर हवेने थर चढतो, तो वीज नीट जाऊ देत नाही. तापणं-निवणं या खेळात तो धातू सैल पडतो आणि सांधा दर महिन्याला थोडा जास्त तापू लागतो. असं वायरिंग असेल तर त्याला पुढे शेपूट जोडू नका. डीबीपासून तांब्याची नवी लाइन आणा.

रंगांवर तर अजिबात भरवसा ठेवू नका. नियमाने फेज लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा. पण त्या दिवशी वायरमनच्या पिशवीत जे भेंडोळं होतं ते वापरलं जातं. आमच्या हॉलमध्ये हिरव्या वायरमध्ये फेज होता.

शेवटी वीजबिल हातात घ्या. त्यावर मंजूर भार किलोवॅटमध्ये छापलेला असतो. दोन एसी आणि इंडक्शन वाढवणार असाल आणि बिलावर जुन्या जमान्यातला एक-दोन किलोवॅटचा आकडा असेल, तर भार वाढवून घेण्याचा अर्ज करावा लागेल. महावितरण असो, बेस्ट असो की मुंबईतली खासगी कंपनी, परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. हे काम भिंत फोडण्याआधी सुरू करा, कारण मीटरपासून घरापर्यंत येणारी मुख्य वायरही मग बदलावी लागू शकते आणि ती सोसायटीच्या जिन्यातून येते. म्हणजे सेक्रेटरींची परवानगी आली.

वाढवायचं की नवी लाइन?

साधा नियम सांगते, मी याच्यावरच चालते. दिवा, पंखा, मोबाइलचा चार्जर, टीव्ही असलं काही वाढवायचं असेल तर जवळच्या दिव्यांच्या बोर्डातून पुढे नेता येतं, त्या लाइनवर आधीच गर्दी नसेल तर. जे काही तापवतं किंवा गार करतं (गिझर, एसी, इंडक्शन, ओव्हन, इस्त्री, किटली, वॉशिंग मशीन) त्याला कुणाच्या तरी बोर्डातून उसनी वायर नको. एसी आणि गिझर यांना प्रत्येकी डीबीपासून स्वतंत्र लाइन आणि स्वतंत्र एमसीबी. ओट्यासाठी निदान दोन लाइन, म्हणजे किटली आणि मायक्रोवेव्ह वेगवेगळ्या वाटेने येतील.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. वायरिंगची मजुरी बहुतेक पॉइंटमागे ठरते. मग वायरमनला स्वस्त काय पडतं? शेजारच्या सॉकेटमधून लूप मारणं. पॉइंट एकच मोजला जातो, वायर पंधरा मीटर वाचते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, हिशेबच तसा आहे. म्हणून बोलणी करतानाच "डीबीपासून येणारी लाइन" हा वेगळा दर ठरवा आणि कागदावर लिहा: किचन दोन, गिझर एक, एसी दोन. आमच्याकडे हे लिहिल्यामुळे एक वाद पाच मिनिटांत मिटला.

कोणाला बोलवायचं

कायदा याबाबत जुना आणि स्पष्ट आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत होतं आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या विनियमांतही तेच सूत्र आहे: दिवा, पंखा, फ्यूज, स्विच किंवा उपकरण जसंच्या तसं बदलणं वेगळं, पण वायरिंगमध्ये भर घालायची किंवा फेरबदल करायचे तर ते परवानाधारक ठेकेदाराचं काम. म्हणजे बिघडलेला स्विच तुम्ही बदलू शकता, नवी लाइन ओढू शकत नाही. आयटीआयला वीजतंत्री आणि तारतंत्री असे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत. ते केलेला माणूस हाताशी असणं चांगलंच, पण परवान्याची छायाप्रत मागा. मागितल्यावर जो रागावतो त्याला चहा पाजून निरोप द्या.

इंटिरिअरवाल्यांनी आणलेला माणूस फर्निचरच्या वेळापत्रकावर पळत असतो. त्याला शक्यतो थेट तुम्ही भेटा, दोनदा.

वायर, पाइप, बोर्ड

दुकानात कुणी चौरस मिलिमीटर म्हणत नाही. दीडची, अडीचची, चारची असंच मागतात. दिवे-पंख्यांना दीडची, मागे एमसीबी ६ किंवा १० अँपिअरची. साध्या १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटला अडीचची, एमसीबी १६ ची. ओट्याच्या लाइन, एसी, गिझर यांना चारची, एमसीबी २० ची. अर्थची वायर फेजइतकीच जाड घ्या. हिरवी वायर बारीक घालून पैसे वाचवायची सवय साइटवर सर्रास दिसते.

वायरीवर दर थोड्या अंतरावर आयएसआयचा शिक्का, आयएस ६९४ हा मानक क्रमांक, जाडी आणि परवाना क्रमांक छापलेला असतो. तो खोक्यावर नाही, वायरीवर वाचा. नकली मालाची एक सोपी परीक्षा मला दुकानदारानेच शिकवली: वजन. अडीचच्या ९० मीटरच्या भेंडोळ्यात तांबंच जवळजवळ दोन किलो भरतं (अडीच चौरस मिलिमीटर गुणिले ९० मीटर, तांब्याची घनता ८.९६, हिशेब करून बघा). वर प्लास्टिकचं वजन वेगळं. सगळं भेंडोळंच दोन किलोला आलं तर तांबं कुठेतरी कमी आहे, लांबीत किंवा जाडीत. दीडच्या भेंडोळ्यात तांबं साधारण सव्वा किलो. भाजीवाल्याचा काटा चालतो.

फॉल्स सीलिंगमधून जाणाऱ्या आणि कपाटांच्या मागच्या वायरींसाठी पेटल्यावर कमी धूर करणारी, म्हणजे एफआरएलएस छापलेली वायर घ्या. फरक फार नाही. पाइप २५ मिलिमीटरचा जाड घ्या. दुकानदार "मीडियम" म्हणतो तोच, हलका चपटा होतो. पाइपाचं पोट निम्मं रिकामं राहिलं पाहिजे. ठासून भरलेल्या वायरी ओढताना सोलवटतात, आणि एकमेकींना तापवतात.

भिंत फोडताना

बीम आणि कॉलम यांना हात लावायचा नाही. सळी दिसेपर्यंत खाच मारलेली मी पाहिली आहे, तिथे पुढे गंज चढतो. खाच शक्य तितकी उभी असावी. आडवी लांब खाच भिंतीला कमजोर करते, आणि चार इंची भिंतीला एकाच जागी दोन्ही बाजूंनी खाच मारली तर मध्ये पापुद्रा उरतो. आधी कटरने दोन रेघा, मग छिन्नी. नुसत्या हातोड्याने मारलं की शेजारच्या फ्लॅटची फरशी हलते आणि शेजारीही.

तिरकी वाट मुळीच नको, कितीही पाइप वाचत असला तरी. सॉकेटच्या सरळ वर किंवा सरळ बाजूला वायर असणार असं धरूनच पुढची पंचवीस वर्षं घरातली माणसं खिळे ठोकणार आहेत. मामा घड्याळ लावायला ड्रिल घेऊन उभे राहतील तेव्हा तुम्ही घरी नसाल.

प्लास्टर भरण्याआधीची एक दुपार माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वांत मौल्यवान. पाइप बसलेले असतात, भिंती उघड्या असतात. फोन घ्या, सोबत मोजपट्टी. प्रत्येक भिंतीचा समोरून फोटो, मोजपट्टी जमिनीपासून पाइपापर्यंत आणि कोपऱ्यापासून पाइपापर्यंत धरून. आमच्याकडे असे एकतीस फोटो आहेत, खोल्यांच्या नावांनी. चिमणीचं ब्रॅकेट बसवायला आलेल्या मुलाला मी फोटो दाखवला तेव्हा त्याने आधी काढलेली खूण दोन इंच सरकवली. त्याची मूळ खूण पाइपावर होती.

टीव्ही आणि इंटरनेटच्या केबलला वेगळा पाइप. एवढंच.

"मेन बंद आहे" यावर विश्वास ठेवू नका

जुन्या लाइनला हात लागणार त्या दिवशी मेन स्विच बंद होईल. पण महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत, विशेषतः भारनियमनाची सवय झालेल्या गावांत, इन्व्हर्टर आहे. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो इमानाने दिव्या-पंख्यांच्या वायरींत पुन्हा २३० व्होल्ट सोडतो. वायरमन नवीन असेल, इन्व्हर्टर माळ्यावर असेल, तर त्याला पत्ताही लागत नाही. आमच्या वायरमन काकांनी आल्या आल्या पहिला प्रश्न हाच विचारला: "ताई, इन्व्हर्टर कुठंय?" मला तेव्हाच बरं वाटलं. इन्व्हर्टर त्याच्या स्विचने बंद करा आणि त्याची इनपुट-आउटपुटची जोडणीही सोडवून घ्या. छतावर सोलर असेल तर त्याचंही तेच.

मग टेस्टर. आधी चालू असलेल्या सॉकेटमध्ये लावून टेस्टर पेटतो का बघायचं, मग काम करायच्या वायरीला, मग पुन्हा चालू सॉकेटला (घरचा मेन बंद असेल तर शेजाऱ्यांचं किंवा जिन्यातलं सॉकेट चालेल). कारण न पेटलेल्या टेस्टरचे दोन अर्थ होतात, आणि त्यातला एक म्हणजे टेस्टर मेला आहे. डीबीवर "काम चालू, हात लावू नये" अशी चिठ्ठी चिकटवा. आमच्या बाबांनी क्रिकेटच्या मॅचसाठी एमसीबी वर केली होती, म्हणून सांगते.

सांधे

ज्या सांध्याला पुढे कधी हात पोचणार नाही तो सांधा करायचाच नाही. पाइपाच्या आत जोड नको, प्लास्टरखाली नको, पीओपीच्या वर लोंबता तर नकोच. जोड फक्त स्विचबोर्डच्या पेटीत किंवा झाकण उघडता येईल अशा जंक्शन बॉक्समध्ये. पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळणं हे रात्री नऊ वाजता ठीक आहे, कायमचं नाही. टेपचा गोंद पुण्याच्या उन्हाळ्यात दोन वर्षांत पाघळतो. स्क्रूचा किंवा लिव्हरचा कनेक्टर वापरायला सांगा. बारीक तारांच्या वायरीला टोकाशी पिन-थिंबल (धातूची छोटी टोपी) दाबून घ्या, म्हणजे स्क्रूखाली सगळ्या तारा येतात. आमच्या जळक्या बोर्डात वायरीच्या अर्ध्या तारा स्क्रूच्या बाहेर होत्या.

बोर्डच्या मागची पेटी खोल मागा. उथळ पेटीत वायरी कोंबल्या जातात आणि प्लेट दाबून बसवताना एखादी हमखास चिमटते.

डीबी, आणि "बत्तीसची टाकतो"

काम संपल्यावर तिसऱ्या दिवशी किचनची एक एमसीबी पडायला लागली. काका गावाला गेले होते, त्यांच्या जागी आलेला मुलगा म्हणाला, "ताई, बत्तीसची टाकतो. पडणारच नाही."

खरंच पडली नसती. एमसीबी उपकरणासाठी नसते, वायरीसाठी असते. चारच्या वायरीवर २० ची एमसीबी म्हणजे वायर फार तापायच्या आत ती पडणार. तिथे ३२ ची टाकली की ती गप्प बसते आणि वायर भिंतीत भाजत राहते. एमसीबी पडत असेल तर लोड वाटून घ्यायचा किंवा बिघाड शोधायचा. आमच्याकडे ओव्हन आणि किटली दोन्ही चुकून एकाच लाइनवर आले होते. ओव्हन दुसऱ्या लाइनवर घेतला, विषय संपला.

आता आरसीसीबी. एमसीबी जादा करंट बघते. माणसाला शॉक लागतो तेव्हा जाणारा करंट तिच्या दृष्टीने किरकोळ असतो, ती ढिम्म बसते. आरसीसीबी फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट जुळतो का ते पाहत असते, तुमच्या अंगातून जमिनीत गळती झाली की पाडते. माणसाच्या संरक्षणासाठी ती ३० मिलिअँपिअरची हवी. १०० किंवा ३०० ची आगीपासून वाचवायला असते, तुम्हाला नाही. जुन्या घरात वायरिंग वाढवताना बजेटमध्ये एकच गोष्ट टाकता येत असेल तर ही टाका. शक्य असल्यास दोन बसवा, बाथरूम-किचन एकीवर आणि बाकी घर दुसरीवर, म्हणजे गिझरच्या गळतीने फ्रिजही बंद पडणार नाही.

जुन्या घरात ती बसवली की पहिल्याच दिवशी पडते, आणि वायरमन म्हणतो "ही खराब निघाली, काढून टाकू." बहुतेक वेळा असं काही नसतं, न्यूट्रलची उसनवारी असते. बेडरूमच्या पंख्याचा फेज एका लाइनचा, न्यूट्रल सोयीसाठी दुसऱ्या लाइनचा. आरसीसीबीला जमाखर्च जुळत नाही, ती पाडते. तिचं बरोबर आहे. प्रत्येक लाइनचा न्यूट्रल त्याच लाइनचा असावा आणि तो डीबीत त्याच आरसीसीबीखालच्या पट्टीवर यावा, हे नवीन काम करतानाच बजावून सांगा. पावसाळ्यात पडायला लागली तर बाहेरच्या भिंतीतली ओल बघा. कोकणातल्या घरांत गच्चीच्या दिव्याची पेटी हा पहिला संशयित.

तिच्यावर टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं. मी बिल भरायच्या दिवशी दाबते.

प्लास्टर भरून, रंग देऊन, पैसे देण्याआधी

शेवटचा हप्ता या तपासण्यांनंतरच.

काकांनी सगळी उपकरणं काढून, बल्ब उतरवून मेगरने (वायरीवरचं प्लास्टिक शाबूत आहे का ते मोजणाऱ्या यंत्राने) ५०० व्होल्टवर प्रत्येक लाइन तपासली. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ. निदान एक मेगाओम यायलाच हवा. नव्या वायरींना तो खूप वर असतो. एक-दोनवर आलेली नवी लाइन म्हणजे कुठेतरी वायर सोलली गेली आहे किंवा भिंत ओली आहे. मेगर नसलेला ठेकेदार चाचणी अहवाल कसा देतो हे मला अजून उलगडलेलं नाही.

मग मल्टिमीटरने प्रत्येक सॉकेट. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही जवळपास तेवढाच. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये एखाद-दोन व्होल्ट. शेजारच्या सॉकेटवर किटली चालू असताना हे न्यूट्रल-अर्थ पुन्हा मोजायला सांगा. लोड असूनही काटेकोर शून्य आला तर खूश होऊ नका. अर्थिंग येत नाही म्हणून कुणीतरी सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ जोडून दिलेले असू शकतात. असं सॉकेट मीटरला छान दिसतं, आणि ज्या दिवशी न्यूट्रल कुठेतरी सुटतो त्या दिवशी फ्रिजचं पत्र्याचं दार थेट फेजवर येतं. बोर्ड उघडून बघा.

जुन्या पद्धतीचे लोक फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून अर्थिंग बघतात. घरात आरसीसीबी असेल तर ती त्याच क्षणी पडणार, कारण त्या बल्बमधून ४०० मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट अर्थमध्ये जातो. पडली तर उलट चांगलं. हा प्रयोग वायरमननेच करायचा, आपण लांब उभं राहून बघायचं.

त्यानंतर ओट्याच्या दोन्ही लाइनवर खरी उपकरणं लावून अर्धा तास चालवा आणि प्लेटला हाताचा पालथा भाग लावा. कोमट चालेल, गरम नाही. नाकही वापरा.

डीबीच्या दाराला आतून कागद चिकटवा: कुठली एमसीबी कशाची. "किचन १" असं नको, "ओटा डावी बाजू, मायक्रोवेव्ह" असं. आईला रात्री टॉर्चच्या उजेडात वाचता आलं पाहिजे, म्हणून आम्ही मोठ्या अक्षरांत देवनागरीत लिहिलं. महिनाभराने काकांना परत बोलावून डीबीतले आणि जड लोडच्या सॉकेटमधले स्क्रू पुन्हा आवळून घेतले. तांब्याच्या तारा दाबाखाली बसतात आणि स्क्रू थोडा सैल होतोच. त्यांनी चार ठिकाणी पाव-पाव आटा फिरवला. पाचवा, गिझरच्या एमसीबीचा, पूर्ण एक आटा फिरला. त्याखालची वायर टोकाशी नुकतीच तपकिरी व्हायला लागली होती. इंचभर कापून, सोलून, नवं थिंबल दाबून परत बसवली.